व्याह्यांच्या गावाला जाताना

मागच्या अंकात मी आपल्या सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की आयर्लंडने त्यांची १९२६ सालची जनगणना शंभर वर्षं पूर्ण झाली म्हणून १८ एप्रिल २०२६ ला सगळ्यांसाठी खुली केली, घराघरातले मूळ फॉर्म, नावानिशी, आणि एक पैसा न घेता. मला वाटलं कोण वाचणार हे, पण आमच्या एका सोसायटीतच तीन पोरं डब्लिनला आहेत म्हटल्यावर पत्रं येणारच होती. त्यातली तीन घेते.

प्रश्न: ताई, माझी मुलगी कॉर्कला असते, जावई तिथलाच आहे, स्वभावाने खूप चांगला. नातवाला शाळेत फॅमिली ट्री करायचंय. आमच्या बाजूचं काही टेन्शन नाही, ह्यांच्या आत्यांनी वंशावळ लिहून ठेवलीय, सात पिढ्या दिल्या पाठवून. पण जावयाच्या बाजूला त्याच्या आजोबांच्या वर सगळं कोरं. विहीणबाईंना एवढंच माहितीय की आजोबा १९२० च्या आसपास जन्मले, त्यांची आई ब्रिजेट मर्फी, कॉर्क जिल्ह्यातल्या कुठल्यातरी खेड्यातली, आणि एक भाऊ बार्थोलोम्यू होता तो अमेरिकेला गेला. मी रोज जेवण झालं की आयपॅड घेऊन ब्रिजेट मर्फी टाकते, शेकड्याने येतात. करू काय? — एक आजी, नौपाडा, ठाणे

उत्तर: मावशी, आधी ते ब्रिजेट टाकणं बंद करा बघू. मर्फी हे आयर्लंडमधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आहे आणि कॉर्कमध्ये तर पायलीचे पन्नास, जळगावात उतरून पाटील कुठे राहतात विचारल्यासारखं आहे ते. वर ब्रिजेट एका कागदावर ब्रिजेट, दुसऱ्यावर ब्राइडी, तिसऱ्यावर डेलिया. आपल्याकडे माहेरी बेबी, शाळेत कुसुम आणि लग्नात तांदळात लिहिलं ते सुमन, अशी एकच बाई असते की नाही, तसंच.

तुमच्या पत्रातला खरा ऐवज बार्थोलोम्यू आहे. १९२६ च्या फॉर्मवर गणनेच्या रात्री घरात झोपलेलं अख्खं घर एकाखाली एक आहे, तेव्हा कॉर्कमधला लहान वयाचा बार्थोलोम्यू शोधा आणि जो सापडेल त्याच्या घरात आजोबांच्या नावाचं पाच-सहा वर्षांचं पोर आणि ब्रिजेट नावाची आई आहे का बघा. माणूस नाही शोधायचा, घर शोधायचं. ह्या एका वाक्यावर मी रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं काढलीत.

दुसरं, विहीणबाईंना फोन करून विचारा की मर्फी हे माहेरचं की सासरचं. त्यांना सांगता नाही आलं तरी हरकत नाही, कारण तिकडे शंभर वर्षांपूर्वीच्या जन्मनोंदी, पंचाहत्तर वर्षांपूर्वीची लग्नं आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू सरकारी वंशावळीच्या साइटवर फुकट बघता येतात. आजोबांची १९२० ची जन्मनोंद काढली की त्यात आईचं माहेरचं आडनाव येतं. त्यावरून आई-बापाचं लग्न काढायचं, लग्नाच्या नोंदीत नवरा-नवरी दोघांच्याही वडलांचं नाव आणि धंदा असतो. वडलांचं नाव हातात आलं की ब्रिजेटबाईंचं माहेर १९११ आणि १९०१ च्या जनगणनेत, तेव्हा त्या कुमारी असणार, आईबापाच्या घरात मिळतील. ह्या दोन्ही जनगणनाही डब्लिनच्या नॅशनल आर्काइव्ह्जने कधीच ऑनलाइन टाकल्यात.

आणि मग म्हणाल १८९१ चं बघते, तर ते नाहीये. आयर्लंडच्या कागदांचं नशीबच असं फुटकं, की ऐकून माझ्यासारखीला रडू येतं. १८६१ आणि १८७१ चे फॉर्म सरकारनेच ठेवले नाहीत, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाचा तुटवडा म्हणून लगदा करून टाकले, आणि १८२१ ते १८५१ चे बहुतेक सगळे ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं रेकॉर्ड ऑफिस जळालं त्यात गेले. १९२१ ला स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं म्हणून जनगणनाच झाली नाही. म्हणजे अख्ख्या देशाचं मिळून १९०१ आणि १९११ एवढंच धड उरलं होतं, आणि त्यानंतर एकदम हे १९२६, म्हणून तिकडे एवढा आनंद. हीसुद्धा फक्त नुकत्याच वेगळ्या झालेल्या आयरिश फ्री स्टेटची, म्हणजे दक्षिणेकडच्या सव्वीस काउंट्यांची (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा), २९ लाख ७१ हजार ९९२ माणसं. २०११ ला ठाणे आणि नवी मुंबई ह्या दोन महापालिका मिळून जवळपास तेवढीच भरत होती, एवढासा तो देश. ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तरेतल्या सहा काउंट्यांचे १९२६ चे फॉर्म नष्ट झालेत, त्यामुळे ज्यांचे व्याही बेलफास्टकडचे आहेत त्यांनी ह्यात वेळ घालवू नका. तुमचं कॉर्क दक्षिणेला, तुम्ही सुखात.

आता वयाचं. १९०१ ला ब्रिजेटच्या आजीचं वय ५८ आणि १९११ ला ७२ दिसलं तर दुसरीच बाई समजून घर सोडून देऊ नका. मधल्या काळात जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या पुढच्यांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन सुरू झालं होतं. आणि तिकडे जन्माची सरकारी नोंद सुरूच झाली १८६४ ला, मग सत्तर वर्षांच्या माणसाने दाखला आणायचा कुठून? ६ जानेवारी १८३९ च्या रात्री भयंकर वादळ झालं होतं, छपरं उडाली होती, तर म्हातारे सांगायचे की साहेब ते वादळ मला आठवतंय, घ्या सही. आपल्याकडे नाही का, प्लेगच्या साली मी रांगत होतो, पानशेत फुटलं तेव्हा मी तिसरीत होते. आणि आपण हसायचं कारण नाही, माझे वडील, दोन चुलते आणि सासरे सगळे कागदोपत्री १ जूनला जन्मलेले आहेत, गुरुजींनी शाळेत घालताना टाकलं तेच. १९२६ च्या फॉर्मवर वय वर्षं आणि महिन्यांत विचारलंय, तेवढं महिन्यांचं बघून खरं वाटतं, पण तेही कुणीतरी अंदाजेच सांगितलेलं असू शकतं. चार-पाच वर्षं इकडेतिकडे धरूनच चाला.

अजून एक, फॉर्म आयरिश भाषेत भरायचीही मुभा होती, आणि मर्फीचं आयरिश रूप ओ मुरखू असं काहीतरी होतं, तेही कुमारी मुलीचं वेगळं आणि लग्न झालेल्या बाईचं वेगळं. रोमन स्पेलिंग तर ओळखू येणार नाही इतकं बदलतं. इंग्रजी स्पेलिंगने घर मिळालं नाही तर जावयाला बसवा शेजारी, त्याला शाळेत आयरिश शिकवलेलं असेलच.

गावाचा पत्ता मिळाला की त्यात टाउनलँड असं लिहिलेलं दिसेल. हे शहर नाही हं, नावावर जाऊ नका. आपली वाडी किंवा पाडा असतो तेवढा तो जमिनीचा तुकडा, पाचपन्नास घरं, कधी दोनच. असे साठ हजारांच्या वर आहेत. एकदा पाडा कळला की शेजारची घरंही वाचून काढा, कारण काका, मावशी, लग्नात साक्षीला सही करणारा, सगळे तिथेच पलीकडे राहत असतात.

एक मात्र आधीच सांगून ठेवते. माझ्या भाच्याने मला मोबाइलवर १९११ चा एक फॉर्म मोठा करून दाखवला, कुणाचा ते महत्त्वाचं नाही. त्यात लग्न झालेल्या बाईला विचारलंय किती मुलं जिवंत जन्मली आणि आज किती हयात आहेत. तिरक्या शाईत आधी ११ आणि बाजूच्या रकान्यात ७. बाई विधवा होती, तिला हा प्रश्न लागूच नव्हता, म्हणून गणनेला आलेल्या पोलिसाने आकड्यांवर रेघ मारलीय, पण खालचं स्वच्छ वाचता येतं. तिने सांगितलं म्हणून लिहिलं असणार ना कुणीतरी. १९२६ लाही लग्न झालेल्या बायकांना मुलांचं विचारलंय. विहीणबाईंना फॉर्म पाठवाल तेव्हा ते रकाने तुम्ही आधी बघून घ्या, आणि नुसता व्हॉट्सअॅपवर ढकलू नका, फोन करून सांगा.

प्रश्न: मॅडम, माझ्या आईचं माहेर कल्याणच्या रेल्वे कॉलनीतलं, अँग्लो इंडियन. आईचे पणजोबा आयर्लंडहून सैन्यात आले आणि नंतर जीआयपी रेल्वेत (आताची मध्य रेल्वे) गार्ड झाले असं घरात सांगतात. मी १९०१, १९११, १९२६ तिन्ही बघितलं, नाव नाही. काही चुकतंय का? आणि खरं सांगायचं तर पासपोर्टचंही डोक्यात आहे. — वाशी

उत्तर: दादा, चुकत काही नाही, पण जो माणूस कल्याणला हिरवा झेंडा दाखवतोय तो आयर्लंडच्या घरात त्या रात्री झोपलेला कसा सापडेल? ह्यात इकडचं टोक आधी पकडायचं. ब्रिटिश काळात इथल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवायची पद्धत होती, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत, मुंबई इलाख्याची वेगळी मालिका आहे. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी म्हणून एक संस्था आहे, त्यांच्या साइटवर फुकट सर्च होतो, तिथून सुरू करा. इथे झालेलं लग्न सापडलं तर वडलांचं नाव मिळायची शक्यता असते, पलटणही कळते. पलटण कळली की लंडनजवळ क्यूला जे नॅशनल आर्काइव्ह्ज आहे तिथे पेन्शनवर निघालेल्या सैनिकांचे कागद आहेत, त्यात जन्माचा पॅरिश, म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीतलं गाव ते, लिहिलेला असतो, आणि तुम्हाला हवाय तो नेमका तेवढाच शब्द. मग आयर्लंडच्या जनगणनेत पणजोबा नाही, त्यांच्या मागे राहिलेले भाऊ शोधायचे.

पासपोर्टचं विसरा. आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर जन्मलेले असतील तर तिकडच्या फॉरेन बर्थ रजिस्टरमध्ये नाव लावून नागरिकत्व घेता येतं. पणजोबांच्या जोरावर मिळायचं तर तुमच्या जन्माआधीच तुमच्या आईचं किंवा वडलांचं नाव तिथे लागलेलं असायला हवं होतं, आणि इथे तर ते आईचे पणजोबा आहेत. पैसे घेऊन करून देतो म्हणणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

प्रश्न: आयर्लंडवाले शंभर वर्षांनी उघडतात, मग आपली १९११ ची, १९२१ ची जनगणना आपण का बघू शकत नाही? आम्ही ऐरोली गावठाणातले, मूळचे आगरी, आजोबांच्या वडलांच्या पुढे काही माहिती नाही. — ऐरोली

उत्तर: आपल्याकडे तालुक्यात किती माणसं, कुठल्या धर्माची, किती शिकलेली, असे छापील तक्ते मिळतात, नावं मिळत नाहीत. जनगणना कायदा १९४८, कलम १५, वैयक्तिक नोंदी कुणाला बघता येणार नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालणार नाहीत. शंभर वर्षांनी उघडा असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. मला स्वतःला हे पटत नाही, पण ते असो.

तुमचं काम जनगणनेवाचूनही होईल, आणि पहिला कागद बहुतेक तुमच्याच कपाटात आहे. सिडकोने जमीन घेतली तेव्हाच्या निवाड्यात खातेदारांची नावं आहेत, आणि घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटसाठी घरातल्या कुणीतरी वारसांची फाइल केलीच असेल, ती काढा, भांडण झालं असेल त्या काकांकडे असली तरी जाऊन काढा. त्यातून सर्व्हे नंबर मिळाला की जुने फेरफार, म्हणजे जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली त्या नोंदी, आणि गाव नमुना ६ क म्हणजे वारसांची नोंदवही. मग कोतवाल बुक, त्यात गावातले जन्म-मृत्यू असतात. गेल्या काही वर्षांत कुणबी नोंदी शोधायला लोकांनी हीच पुस्तकं उलटीपालटी केलीत, त्यामुळे कुठे काय आहे हे आता कर्मचाऱ्यांना पूर्वीपेक्षा बरं माहिती असतं. जुनं असेल तर मोडीत असणार, मोडी वाचणारा बरोबर न्या, फोटो काढून नंतर बघू म्हणाल तर अर्धं वाचता येणार नाही. आणि घरातलं कुणी त्र्यंबकेश्वरला विधीला गेलेलं असेल तर तिथल्या उपाध्यायांच्या वहीत गाव आणि आडनाव सांगून बघा, कोण कधी आलं आणि बरोबर कोण होतं ते लिहिलेलं असतं.

रेकॉर्ड रूमला जाताना तोंडाला फडकं बांधा, धूळ फार असते, मला त्याने कायमचा खोकला दिलाय. आणि कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं गाठोडं, सोडायच्या आधी त्याच्या गाठीचा आणि वरच्या चिठ्ठीचा मोबाइलवर एक फोटो घ्या, म्हणजे परत बांधताना तुमच्या पणजोबांचा कागद शेजारच्या गावाच्या रुमालात जाणार नाही. एका ऑफिसात माझ्या डोळ्यांदेखत असा गेलेला आहे आणि तो अजून सापडलेला नाही.