एमएफटीला (मॅरेज अँड फॅमिली थेरपी, म्हणजे जोडपी-कुटुंबांच्या समुपदेशनाच्या मास्टर्सला) ॲडमिशन घ्यायच्या आधी

अगं रँकिंग बिंकिंग नंतर बघ, आधी कुठल्या राज्यात प्रॅक्टिस करायचीय ते ठरव, कारण अमेरिकेत लायसन्स राज्य देतं आणि नियम सगळीकडे वेगळे. कॅलिफोर्निया म्हणशील तर ६० सेमिस्टर युनिटची डिग्री आणि शिवाय सुपरव्हिजनखाली ३००० तास काम, म्हणजे डिग्री झाली की सुटलो असं अजिबात नाही. कोर्सला सीओएएमएफटीईची, म्हणजे एमएफटीचे कोर्स तपासणाऱ्या संस्थेची, मान्यता असेल तर पुढे राज्य बदलताना कटकट जरा कमी.

कॉलेजला एक नक्की विचार, प्रॅक्टिकमची, म्हणजे शिकतानाच खऱ्या क्लायंटबरोबर काम करायची, जागा तुम्ही देता की आम्हीच शोधायची? मी विचारलं नव्हतं, मग अख्खं सेमिस्टर ईमेल पाठवत बसले. आणि तिथे जोडपी, कुटुंबं येतात का तेही बघ, नुसते एकेकटे क्लायंट असतील तर समोर दोघं भांडायला लागल्यावर काय करायचं हे शिकणार कधी? माझ्यासमोर पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी नकळत बायकोची बाजू घेतली, सुपरव्हायझरने रेकॉर्डिंग थांबवून थांबवून दाखवलं, मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण वर्गात वर्षभर जे डोक्यात शिरलं नव्हतं ते तेव्हा शिरलं. स्वतःची थेरपी मात्र जमलं तर आत्ताच सुरू कर, घरातलं जुनं सगळं वर येतं या कोर्सला.