खेळात राजकारण चालतं का, आणि शिवीगाळीची मर्यादा कुठे आखायची?

राजकारण चालतं, पण खेळाडूची जात, धर्म, वंश किंवा आई-बहीण मध्ये आली की तिथेच थांबायचं. त्याचा खेळ, त्याची जाहीर भूमिका यांवर हवं तेवढं तिखट बोला, त्याला तो उत्तर देऊ शकतो. जन्माबद्दल काय उत्तर देणार? १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या अमेरिकेच्या कृष्णवर्णीय धावपटूंनी वंशभेदाच्या निषेधार्थ पदक समारंभात काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली. ते उघड राजकारण होतं, पण त्यात कुणाचाही अपमान नव्हता. याउलट जानेवारी २०२१ च्या सिडनी कसोटीत सीमारेषेजवळ उभ्या मोहम्मद सिराजला प्रेक्षकांतून शिवीगाळ झाली. त्याने पंचांना सांगितलं, खेळ थांबला, काही प्रेक्षकांना बाहेर काढलं. असंच व्हायला हवं. ‘दुर्लक्ष कर’ असं सांगणं म्हणजे ज्याला शिव्या पडल्या त्यालाच गप्प बसवणं.

एक मात्र लक्षात घ्या: कुणाचाही अपमान न करणारी राजकीय कृतीसुद्धा नियमात बसेलच असं नाही. ऑलिंपिक सनदेचा नियम ५० स्पर्धास्थळी राजकीय, धार्मिक किंवा वांशिक प्रचाराला मनाई करतो, आणि स्मिथ-कार्लोसना तर त्या स्पर्धेतूनच घरी पाठवलं होतं.