'हवामान बदल', 'वातावरण बदल' की 'वातावरणीय बदल'?

नेरुळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी नववीत, क्लायमेट चेंजवर पेपरातली कात्रणं चिकटवून प्रोजेक्ट करायचाय. बाई म्हणाल्या 'वातावरणीय बदल' लिहा, कात्रणांत कुठे 'हवामान बदल' तर कुठे 'वातावरण बदल', एकात 'जलवायू परिवर्तन', आणि घरी आजी म्हणतात आमच्या वेळी याला हवापालट म्हणायचे. तर शीर्षकात काय लिहायचं?

ताई, आधी उत्तर देतो: 'हवामानबदल'. एक शब्द, जोडून. आता का ते सांगतो, जरा लांबेल, कारण कात्रणांतले हे शब्द मी गेली काही वर्षं बघत आलोय आणि त्यांनी किती घोळ होतो ते घरातच पाहिलंय.

शाळेच्या भूगोलात हवा आणि हवामान वेगळं शिकवतात. सकाळी ऊन होतं, दुपारी भरून आलं, ही हवा. आणि एखाद्या ठिकाणी वर्षानुवर्षं जे असतं त्याची सरासरी ते हवामान. जागतिक हवामान संघटना ही सरासरी ३० वर्षांची धरते, आपलं हवामान खातं तापमानासाठी सध्या १९९१ ते २०२० ची वापरतं. शब्दातही ते आहेच, 'हवा' अरबीतून आलेला आणि 'मान' संस्कृत, मान म्हणजे माप, पर्जन्यमानातलं किंवा तापमानातलं. म्हणजे क्लायमेटला हा शब्द खरं तर चपखल. पण रोजच्या बातम्यांत 'हवामान अंदाज', 'हवामान कोरडं राहील' असं वेदरलाही हवामानच म्हणतात, त्यामुळे 'हवामान बदल' असं तोडून लिहिलं की घाईत वाचणाऱ्याला वाटतं उद्यापासून पाऊस आहे. सामासिक शब्द मराठीत जोडून लिहायचा असतो, 'तापमानवाढ' आपण जोडूनच लिहितो की, मग 'हवामानबदल' का नाही? जोडला की ती एक वेगळी, नाव असलेली गोष्ट होते.

'वातावरण बदल' मात्र मी अजिबात वापरू नका म्हणेन. गेल्या डिसेंबरची गोष्ट, आमच्या ठाण्याच्या घरी आई पेपर वाचत होती, बातमी होती वातावरण बदलामुळे सर्दी-खोकल्याचे पेशंट वाढले म्हणून, खाली डॉक्टरांचा सल्ला, कोमट पाणी प्या, मास्क लावा. त्याच पेपरात आतल्या पानावर वातावरण बदलामुळे समुद्राची पातळी वाढतेय, किनाऱ्यावरच्या शहरांना धोका. आईने दोन्ही वाचलं आणि मला म्हणाली, "हे वातावरण थंडी संपली की निवळेल ना रे, समुद्राचं पण?" तिने अगदी मनापासून विचारलं होतं. आणि तिची काही चूक नाही, मराठीत वातावरण निवळतंच. ढगाळ वातावरण, सणाचं वातावरण, भांडणानंतर घरातलं तंग वातावरण, सगळं दोन दिवसांत जाणारं. ज्या गोष्टीचं मूळ दीडशे-दोनशे वर्षं जाळलेल्या कोळशात आणि तेलात आहे तिला हा शब्द दिला की ती आपोआप हंगामी होऊन जाते, आणि सर्दीच्या बातमीत तोच शब्द आला की पुढे समुद्राची बातमी पण सर्दीसारखीच वाचली जाते.

बाईंचा 'वातावरणीय बदल' चूक नाही हां. आपल्या राज्याच्या खात्याचं नावच पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग आहे. त्यामागे अर्थही आहे, १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात क्लायमेट चेंजची व्याख्या करताना माणसाच्या उद्योगांमुळे वातावरणाची घडण बदलते हेच धरलंय. हवेतला कार्बन डायऑक्साइड कारखानदारी सुरू व्हायच्या आधी दहा लाखांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय, म्हणजे बदल खरोखर वातावरणातच झालाय. फक्त हा शब्द जीआरमधला आहे, रिक्षा स्टँडवर किंवा लोकलमध्ये कोणाच्या तोंडी नाही ऐकला. मार्क जाणार असतील तर बाईंचा लिहा, भांडू नका. 'जलवायू परिवर्तन' हिंदी आहे, २०१४ पासून केंद्राच्या मंत्रालयाच्या हिंदी नावात आहे, मराठीत त्याची गरज नाही.

आता कात्रणं चिकटवताना मुलीला आणखी एक बघायला सांगा. 'बदलणे' हे आपलं क्रियापद दोन्हीकडून चालतं, 'रंग बदलला' आणि 'त्याने रंग बदलला'. पहिल्यात कोणी केलं ते सांगावं लागत नाही. बातम्यांत जवळजवळ नेहमी पहिलंच असतं, हवामान बदललं, आणि कर्ता आलाच तर निसर्ग कोपला, वरुणराजा रुसला, सूर्य आग ओकतोय, अवकाळीने झोडपलं. भाषा म्हणून हे शब्द मला आवडतात, पण कोप आणि रुसवा म्हटलं की हात जोडून बसण्यापलीकडे काही उरत नाही, धूर सोडणारा कुठेच दिसत नाही. इंग्रजीत ब्रिटनच्या द गार्डियन या पेपरने २०१९ मध्ये ठरवून शब्द बदलले, नुसतं चेंज न म्हणता क्रायसिस किंवा इमर्जन्सी म्हणायचं आणि वॉर्मिंगच्या जागी हीटिंग. आपल्याकडे 'जागतिक तापमानवाढ' आधीपासून नेमका आहे, त्याला 'माणसामुळे होणारी' एवढं जोडलं तरी वाक्य सरळ होतं.

आणि सगळ्यात जास्त मला सांगायचंय ते 'उकाडा' या शब्दाबद्दल. कोरडं कडक ऊन वेगळं आणि आपल्या खाडीकाठचा उकाडा वेगळा, घाम येतो पण सुकत नाही आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही, ते आतून तापत जातं. दमट उष्म्याला असा एका शब्दात पकडणारा मराठी शब्द आहे याचं मला कौतुक वाटतं. पण बातमीत तो येतो तो 'ठाणेकर उकाड्याने हैराण' असा, सोबत उसाच्या रसाचा ग्लास किंवा तलावात उड्या मारणारी पोरं. हैराण तर माणूस ट्रॅफिकने पण होतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्याला लाखो लोक भर उन्हात बसले होते आणि १४ जण उष्माघाताने गेले. पारा तेव्हा ३८ च्या आसपास होता. विदर्भातल्या माणसाला ३८ म्हणजे काहीच नाही वाटणार, पण हवामान खात्याच्या नियमात किनाऱ्यावर ३७ आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त झालं की उष्णतेची लाट धरतात, मैदानी भागात ४० लागतात, ते याच दमटपणामुळे. त्या आठवड्यात मी जेवढ्या बातम्या वाचल्या त्यांत मंडप का नव्हता, पाणी का पुरलं नाही, दुपारची वेळ कोणी ठरवली हे होतं, ते विचारायलाच हवं होतं. हवामानबदल हा शब्द मला एकीतही दिसला नाही. पुढच्याच महिन्यात वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशनच्या, म्हणजे अशा लाटांमागे हवामानबदलाचा किती हात आहे ते तपासणाऱ्या गटाच्या, शास्त्रज्ञांनी सांगितलं की भारत आणि बांगलादेशातल्या त्या एप्रिलच्या दमट उष्म्याची शक्यता हवामानबदलामुळे किमान ३० पटींनी वाढली होती. तोपर्यंत खारघरची बातमी मागे पडली होती, आणि माझ्या ओळखीतल्या कोणाच्याही डोक्यात या दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या नाहीत.

म्हणून ताई, कात्रणांत 'उकाडा' सापडला तर तोही घ्या, क्लायमेटचा उल्लेख नसला तरी. आजींचा हवापालट शीर्षकात नको, कारण हवापालट म्हणजे आजारातून उठलेल्या माणसाने पाचगणीला किंवा गावी जाऊन राहणं, तिथे हवा तीच असते, जागा आपण बदलतो. पण प्रोजेक्टमध्ये एक पान त्यांच्यासाठी ठेवा. लहानपणी एप्रिलमध्ये रात्री झोप कशी लागायची, पंखा होता का, अंगणात झोपायचे का, पहाटे पांघरूण लागायचं का, हे मुलीने त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं तर ते कुठल्याही कात्रणात मिळणार नाही.