वाचकांचे प्रश्न : तहरीर चौक आणि आपला वॉर्ड

इराकमध्ये भ्रष्टाचाराविरुद्ध २०१९ ला झालेल्या आंदोलनावर गेल्या अंकात लेख आला होता. भ्रष्टाचार आणि धर्मावरून होणारी हिंसा एकमेकांत गुंतलेली असतात, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर सातारा-सांगलीकडून आलेल्या पत्रांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : इराकमध्ये शिया-सुन्नींचं एवढं रक्त सांडलं. तरी २०१९ मध्ये सगळे एकत्र कसे आले? (शिक्षिका, कराड)

'सगळे' आले नव्हते, हे आधी सांगायला हवं. १ ऑक्टोबर २०१९ पासून पेटली ती बगदाद, बसरा, नासिरिया, करबला, नजफ ही शहरं. यात शियाबहुल वस्ती जास्त, आणि राग होता तो शिया पक्षांचंच वजन असलेल्या सरकारवर. अन्बार, मोसुलकडचे सुन्नी बहुतांशी घरातच राहिले. बाहेर पडले असते तर 'इसिसचे' नाहीतर 'बाथवाले' (सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाचे) असा शिक्का बसला असता. अन्बारमध्ये फेसबुकवर पाठिंबा लिहिला म्हणूनही धरपकड झाली. पण घोषणा कुठल्या पंथाची नव्हती. 'नुरीद वतन', म्हणजे आम्हाला देश हवा, एवढीच होती.

मूळ दुखणं २००३चं. सद्दामची राजवट पाडल्यावर अमेरिकेने नेमलेल्या २५ जणांच्या कारभारी मंडळात १३ शिया, ५ सुन्नी अरब, ५ कुर्द, १ तुर्कमेन आणि १ असिरियन अशी वाटणी झाली. या पद्धतीला तिथे 'मुहाससा' म्हणतात. पुढे मंत्रिपदं, त्याखालच्या साहेबांच्या खुर्च्या, ठेके, नोकऱ्या सगळं याच हिशोबाने वाटलं गेलं. खातं ज्या पक्षाकडे, नोकरी त्या पक्षाच्या चिठ्ठीवर. बसरा शियाबहुल आणि तेलाच्या साठ्यावर बसलेलं शहर, पण २०१८च्या उन्हाळ्यात तिथे दूषित पाण्याने किमान १,१८,००० माणसं दवाखान्यात गेली. 'आपल्या' माणसाला मत देऊन नळाला असं पाणी येत असेल, तर पोरं त्या आपलेपणाचा हिशोब मागणारच.

प्रश्न : भ्रष्टाचार वेगळा आणि धर्मावरून होणारी हिंसा वेगळी. तुम्ही दोन्ही एका माळेत का ओवता? (दुकानदार, मिरज)

कारण एकामुळे दुसऱ्याला वाट मिळते. बॉम्ब शोधायचं यंत्र म्हणून विकलेली एडीई ६५१ नावाची वस्तू बघा. पिस्तुलासारखी प्लॅस्टिकची मूठ, तिच्या टोकाला इकडेतिकडे डुलणारी ॲन्टेना. बॅटरी नाही, आत चालणारं काही नाही. नाक्यावरच्या शिपायाने ती धरून गाडीच्या बाजूने चालायचं. ॲन्टेना वळली तर स्फोटकं आहेत असं समजायचं. खरं तर मनगट जरा कललं की ॲन्टेना कलते. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायला म्हणून विकलं जाणारं खेळणं, तेच नाव बदलून इराकच्या गळ्यात मारलं. त्यावर इराकने कोट्यवधी डॉलर घालवले. विक्रेता जेम्स मॅककॉर्मिक याला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. बगदादच्या बॉम्बविरोधी विभागाचा प्रमुखही लाचेपायी तुरुंगात गेला. यंत्रं मात्र नाक्यांवर तशीच राहिली! ३ जुलै २०१६ ला बगदादच्या करादा भागात रमजानच्या खरेदीच्या गर्दीत इसिसने स्फोट घडवला, ३०० हून जास्त माणसं गेली. त्यानंतर कुठे पंतप्रधान हैदर अल-अबादींनी ती काढून घ्यायचा हुकूम दिला.

तीच गत सैन्याची. मोसुल जून २०१४ मध्ये इसिसच्या हाती पडलं आणि वर्षअखेरीला पगारपत्रकावर ५०,००० बोगस सैनिक असल्याचं अबादींनीच सांगितलं. आपल्याकडे बोगस मस्टर भरलं की पाझर तलाव कागदावर राहतो. तिथे नाक्यावर उभी राहायची माणसंच कागदावर होती.

प्रश्न : ते चौकात इतके महिने टिकले कसे, आणि शेवटी हाती काय लागलं? (विद्यार्थी, सांगली)

टिकले ते कामं वाटून घेतल्यामुळे. बगदादच्या तहरीर चौकाला लागून एक पडीक उंच इमारत आहे, तिला 'तुर्की रेस्टॉरंट' म्हणतात. वरून पोलिसांवर नजर ठेवता येते म्हणून आंदोलकांनी ती आधी ताब्यात घेतली. अँब्युलन्स पोहोचत नव्हती तिथे तीनचाकी टुकटुकवाल्यांनी जखमी वाहून नेले. अश्रुधुराचे गोळे ४० मिलिमीटरचे लष्करी होते, वजन २२० ते २५० ग्रॅम. पोलीस एरवी वापरतात तो २५ ते ५० ग्रॅमचा असतो. ते सरळ डोक्याच्या रोखाने मारले गेल्याने कवट्या फुटल्या. डोळ्यांवर लोक पेप्सी आणि यीस्टचं पाणी मारत होते. वैद्यकीयदृष्ट्या साधं स्वच्छ पाणीच बरं.

पंतप्रधान आदिल अब्दुल महदींनी २९ नोव्हेंबरला राजीनामा जाहीर केला. निवडणूक कायदा बदलून ८३ लहान मतदारसंघ झाले. १० ऑक्टोबर २०२१ च्या निवडणुकीत आंदोलनातून निघालेल्या 'इम्तिदाद' पक्षाला ९ जागा मिळाल्या. पण बाकीच्या बऱ्याच गटांनी बहिष्कार घातला आणि मैदान जुन्यांनाच मोकळं सापडलं. आमच्या मते ही सर्वांत महागात पडलेली चूक. त्यांच्या बाजूनेही बोलायला हवं : पुढारी दिसला की गोळी, अशी गत होती. करबल्यातले आंदोलक पुढारी इहाब अल-वझनी मे २०२१ मध्ये घराजवळच मारले गेले. शेवटी मार्च २०२३ मध्ये लहान मतदारसंघही रद्द झाले.

प्रश्न : गणेशोत्सवात मोबाईलवरच्या एखाद्या पोस्टवरून आमच्याकडे वातावरण तापतं. मोहल्ला समिती काढायची तर कशी? (तरुण मंडळ, खटाव तालुका)

मिरजेत २००९ ला आणि तुमच्याच तालुक्यात पुसेसावळीला सप्टेंबर २०२३ मध्ये दंगल झाली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. नमुना म्हणून भिवंडी पाहा. १९८४ ला तिथे भीषण दंगल झाली. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत समित्या उभ्या केल्या, आणि १९९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

पोलीस ठाण्यातली सणापुरती शांतता समिती वेगळी. तिथे दरवर्षी तेच चेहरे, चहा, फोटो, आणि बैठक उत्सवाच्या आदल्या आठवड्यात. वस्तीतली समिती १५-२० जणांची ठेवा. दोन्हीकडची माणसं निम्मी-निम्मी, बायका धरून. पक्षाचा पदाधिकारी नको, गुन्हे दाखल असलेला नको. रिक्षावाला, पानटपरीवाला, किराणावाला हवाच, कारण अफवा आधी त्याच्या कानावर येते. बीट अंमलदाराला दर महिन्याला बोलवा. विषय मात्र गटार, रस्त्यावरचे दिवे, रेशन, पाणी असेच घ्या. नुसत्या सलोख्यावर बैठक ठेवली की तिसऱ्या महिन्यात सतरंजी रिकामी दिसते. गटाराचं बिल कोणी खाल्लं हे दोघांनी मिळून विचारलेलं असलं, की रात्री अकराला फोन उचलला जातो.

पोस्ट आलीच तर ती 'बघा काय चाललंय' म्हणून पुढे ढकलू नका. निषेधाच्या फॉरवर्डनेच ती गावभर होते. नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि मूळ मेसेज मोबाईलमधून पुसू नका. कोर्टात स्क्रीनशॉटसोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४)चं प्रमाणपत्र लागतं. ग्रुपवर 'फक्त ॲडमिन' ही सेटिंग लावा आणि ११२ ला कळवा. १९३० हा नंबर पैशाच्या फसवणुकीचा आहे, तिथे वेळ घालवू नका. दुकानांच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग बऱ्याच ठिकाणी १५-३० दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून दुसऱ्याच दिवशी ते जतन करण्याचा लेखी अर्ज ठाण्यात देऊन शिक्क्यासह पोहोच घ्या. चिथावणीला भारतीय न्याय संहितेची कलमं १९६ आणि ३५३ लागतात. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. ठाण्यात फिर्याद घेतलीच नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती समितीच्या फाईलला लावा.