काचेवरची वाफ, कार्पेटखालचे पाणी

वाचकांचे प्रश्न : गाडीतली ओल

प्रश्न : पावसात चौघे गाडीत बसलो की पाच मिनिटांत पुढच्या काचेला वाफ धरते. फडक्याने पुसली तरी पुन्हा तेच. एसी लावावा की हीटर?

उत्तर : दोन्ही, आणि एकाच वेळी. हवा जितकी गार, तितके बाष्प तिच्यात कमी मावते. 25 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत साधारण 23 ग्रॅम बाष्प मावते, 10 अंशांना साडेनऊच्या आत. पावसाने गार पडलेल्या काचेला आतली उबदार हवा टेकली की न मावणारे बाष्प तिथेच पाणी होऊन चिकटते. स्वस्थ बसलेला माणूसही श्वास आणि घाम मिळून तासाला 40 ते 50 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. तुम्ही चौघे, वर भिजलेले कपडे, पायाशी निथळणारी छत्री, आणि हे सगळे सामावून घ्यायला गाडीत हवा जेमतेम तीन घनमीटर.

एसीचे काम इथे गारवा देणे नाही, हवा सुकवणे आहे. हवा त्याच्या थंड कॉइलवरून जाते, तिच्यातले पाणी कॉइलवर जमते आणि नळीने गाडीखाली ठिबकते. हीटर त्याच कोरड्या हवेला गरम करतो आणि काचही तापवतो. म्हणून एसी चालू, तापमानाची खुंटी गरमकडे, झोत पुढच्या काचेवर आणि सुरुवातीला ब्लोअर पूर्ण. काच उजळली की ब्लोअर कमी करा.

यातले काहीही उपयोगी पडायचे नाही, जर आतलीच हवा फिरवणारे बटण दाबलेले असेल. धूळ नको म्हणून ते एकदा दाबले जाते आणि महिनोन्‌महिने तसेच राहते. पावसात बाहेरची हवा दमट असते हे खरे, पण चौघांच्या उच्छ्वासाने भरलेल्या गाडीपेक्षा तिच्यात पाणी सहसा कमीच असते. बटण काढूनही झोत अशक्त वाटला, तर केबिन फिल्टर बघा. बहुतेक गाड्यांत तो ग्लव्हबॉक्सच्या मागे असतो. धुळीने काळा पडला असेल तर झटकत बसू नका, बदला.

आणि पुसायचे ते फडके डॅशबोर्डवर पडलेले, तेलकट नको. हात तर नकोच. मळक्या काचेवर वाफ लवकर आणि दाट धरते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मेनिम्मे घ्या. मिश्रण काचेवर न फवारता मायक्रोफायबर कापडावर घ्या आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसा. आतून उभे हात, बाहेरून आडवे. मग ओघळ राहिला तर तो कुठल्या बाजूचा हे लगेच कळते.

प्रश्न : काच स्वच्छ झाली म्हणून एसी बंद केला, की मिनिटभरात पहिल्यापेक्षा जास्त वाफ. असे का?

उत्तर : कॉइल अजून ओली असते. एसी बंद झाला की ती गरम होऊ लागते आणि तिच्यावरचे पाणी ब्लोअरच्या हवेबरोबर थेट काचेवर जाते. पाऊस थांबेपर्यंत एसी चालूच ठेवा, गार वाटले तर खुंटी गरमकडे वळवा. कुबट वास येऊ नये म्हणून मुक्कामाच्या आधी दोन-तीन मिनिटे एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवण्याची सवय चांगली, पण ती कोरड्या दिवशी. भर पावसात, रहदारीत हा प्रयोग नको.

प्रश्न : उकाड्याच्या दमट रात्री काच आतून पुसूनही धूसरच राहते.

उत्तर : वाफ बाहेरून आहे. एसीच्या झोताने काच गार पडली आहे. वायपर एकदा फिरवा, झोत काचेवरून काढा, तापमान दोन-तीन अंश वाढवा.

प्रश्न : चालकाशेजारच्या सीटसमोरचे कार्पेट ओले असते. वास येतो, सकाळी सगळ्या काचा आतून ओल्या. सिलिका जेलच्या चार पिशव्या ठेवल्या, फरक शून्य.

उत्तर : पिशव्यांचा दोष नाही. सिलिका जेल आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे पाणी धरते, फार तर थोडे जास्त. अर्धा किलो जेल म्हणजे पेलाभरसुद्धा नाही, आणि कार्पेटखालचा जाड फोम कित्येक लिटर पिऊन बसतो. वरून कार्पेट कोरडे लागले तरी फसू नका. दाराच्या पट्टीजवळ ते उचला, फोमवर टिश्यूपेपर ठेवून अंगठ्याने जोरात दाबा. कागद भिजला, तर खाली तळे आहे.

आता पाणी कुठले ते शोधा. बोटाला चिकट लागते, वास गोडसर, काचेवर तेलकट धुके आणि कूलंटची पातळी उतरते आहे, तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतो आहे. हे गॅरेजचे काम. पाणी साधे आणि फक्त एसी चालवल्यावर येत असेल, तर एसीची निचऱ्याची नळी तुंबली आहे. दमट दिवशी 15-20 मिनिटे एसी चालवल्यावर गाडीखाली ठिबक दिसलीच पाहिजे. नसेल तर नळीत खालून मऊ नायलॉनची दोरी हलकेच सरकवा. ताठ तार घालू नका, कॉइलला भोक पडले तर खर्च कैक पटींनी वाढतो.

पावसानंतरच ओले होत असेल, तर वायपरखालची जाळी उघडा. तिच्याखाली पालापाचोळ्याचा चिखल साचून निचऱ्याची भोके बुजतात आणि पाणी ब्लोअरच्या वाटेने आत उतरते. सनरूफ असेल तर त्याच्या चौकटीच्या कोपऱ्यांत नळ्या असतात. प्रत्येक कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू ओता, ते गाडीखाली यायला हवे. कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकू नका, आतला जोड निसटतो आणि मग छतातून गळू लागते. दाराच्या खालच्या कडेची भोके मोकळी करा. तरीही दाराकडूनच पाणी येत असेल, तर दाराच्या आतल्या पॅनलमागचा प्लॅस्टिकचा पडदा सुटला असणार. तो ब्यूटाइल टेपने पुन्हा चिकटवावा लागतो.

तरीही सापडले नाही, तर एकाने आत टॉर्च घेऊन बसावे, दुसऱ्याने बाहेरून साध्या पाइपने पाणी सोडावे. खालून सुरुवात, प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटे, मग वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि काहीच कळत नाही.

गळती बंद झाल्यावर वाळवणे. पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने शक्य तितके शोषा, कार्पेट उचलून खाली लाकडी ठोकळे द्या, पंख्याचा झोत त्या फटीत सोडा, दारे उघडी. उघडी ठेवणे शक्य नसेल तर काचा बंद करून आत डीह्युमिडिफायर चालवा. दोन-तीन दिवस लागतातच. काचा बंद करून नुसते उन्हात उभे करणे फुकट. दिवसा उडालेले पाणी रात्री काचेवर आणि छताच्या कापडात परत येते. सीट काढायची असेल तर इग्निशन बंद, बॅटरी सोडवून थांबा, मगच सीटखालच्या पिवळ्या प्लगला हात. तो एअरबॅगचा असतो.

प्रश्न : कॅल्शियम क्लोराइडचे डबे चालतील का?

उत्तर : सिलिकापेक्षा खूप जास्त ओढतात, पण डब्यात खारे पाणी साठते. वळणावर डबा कलंडला तर ते पत्रा आणि वायरींचे प्लग खाते. उभ्या गाडीत ठेवा, चालवताना काढा.

प्रश्न : डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचते.

उत्तर : मागच्या दिव्यांचे गॅस्केट, डिकीचे रबर आणि मागच्या बंपरआडच्या हवा बाहेर सोडणाऱ्या झडपांची कड, याच क्रमाने बघा. तळाचा रबरी बूच काढून पाणी सोडा, आणि बूच परत बसवायला विसरू नका.