परवानाधारक अस्थिवैद्य?

मिरजेच्या एका वाचकांनी विचारलंय: पुतण्या अमेरिकेत डी.ओ. (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) आहे, दिवाळीत येऊन पंधरा दिवस मोफत तपासणी शिबीर घेणार आहे. पत्रिकेत ‘परवानाधारक अस्थिवैद्य’ छापलं तर चालेल का?

नाही चालणार. ‘अस्थिवैद्य’ तर आधी खोडा. ऐकून ऐकून कान किटले. ‘ऑस्टिओपॅथी’तलं ग्रीक ऑस्टिऑन म्हणजे हाड, आपल्या ‘अस्थि’चं भावंड, हे शाळकरी पोरही सांगेल. पण व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. अमेरिकी डॉक्टर अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ऑस्टिओपॅथीचा पंथ काढला तेव्हा भर हाडं-सांध्यांवर होता. आज अमेरिकेतला डी.ओ. औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो, तिथल्या एम.डी.च्या तोडीचा डॉक्टर असतो. ब्रिटनमधला ऑस्टिओपॅथ मात्र डॉक्टर नव्हे. त्याला १९९३ चा वेगळा कायदा. आणि नुसतं ‘डी.ओ.’ छापाल तर लोक मोतीबिंदू घेऊन येतील, आपल्याकडे ती अक्षरं डोळ्यांच्या पदविकेची. ‘ऑस्टिओपॅथिक डॉक्टर’ लिहा, मोकळे व्हा.

आता ‘परवाना’. सरकार याला ‘अनुज्ञप्ती’ म्हणतं. सांगलीच्या आरटीओत रांगेत उभं राहून हा शब्द मोठ्यानं म्हणा. पुढचा माणूस वळून तुमच्याकडे बघेल. साताऱ्याचे एक निवृत्त मास्तर तर ‘ज्याला कुणाची परवा ना, तो परवाना’ असं वर्गात शिकवायचे. मास्तर, परवाना काढायला गेलेल्या माणसाला सगळ्यांचीच परवा करावी लागते!

शब्द फारसी आहे, आणि काय शब्द आहे! परवाना म्हणजे मुळात पुढे चालणारा, वाट दाखवणारा. सिंहाच्या पुढे धावून त्याची वर्दी देणारं म्हणतात ते काळ्या कानांचं रानमांजर, तेही परवाना. तेराव्या शतकात अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, सेल्जुक सुलतानाच्या दरबारातला मुईनुद्दीन सुलेमान ‘परवाना’ याच पदवीनं ओळखला जाई. राजाच्या आधी राजाचा शब्द पोचवणारा माणूस, आणि मग तो शब्द ज्यावर लिहिला तो कागद. शमेवर झेपावणारा पतंगही परवानाच. कोशवाले म्हणतात, तो ‘पर’ म्हणजे पंखावरून आलेला निराळा शब्द. मला पटत नाही. सगळ्यांच्या आधी पुढे होतो तोच ना पतंग? कोशवाल्यांनी दिवा लावून एकदा बघावं.

हां, पत्रिका राहिली. अमेरिकेत परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा. पुतण्याचा कागद तिथल्या शेजारच्या राज्यातसुद्धा आपोआप चालत नाही, मिरजेत कुठला चालायला? आपल्याकडे डॉक्टरची ‘नोंदणी’ होते. पुतण्या परदेशी नागरिक झाला असेल, तर २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात तात्पुरत्या नोंदणीची सोय आहे. ‘परवानाधारक’च्या जागी ‘नोंदणीकृत’ टाका, पण ती हातात पडल्यावर. तोवर छापखान्यात नुसता छपाईचा खर्च विचारून या.