18 काचांचं एचिंग: काम घ्यावं की सोडावं?

प्रश्न थोडक्यात असा: वर्कशॉप ट्रॉफ्या आणि नेमप्लेटचं. तीन फुटी ब्लास्टिंग कॅबिनेट (बंद पेटी; आत दाबाच्या हवेने ग्रिटचा, म्हणजे कडक बारीक कणांचा, मारा करून काच धूसर करतात किंवा कोरतात), 2 एचपीचा कंप्रेसर, दोन फुटी प्लॉटर (चिकट व्हिनाइलमधून काच झाकायची स्टेन्सिल कापणारं मशीन). इंटिरियरचा कंत्राटदार ऑफिस पार्टिशनच्या 18 काचा देतोय. प्रत्येक काच 8 बाय 4 फूट, 12 मिमी, टफन (भट्टीत तापवून, झटकन गार करून मजबूत केलेली), वर वारली चित्रं, मुदत तीन आठवडे. घ्यावं का?

रेट ठरवायच्या आधी कंत्राटदाराला एकच विचारा: काच टफन होऊन आलीय की व्हायचीय? सगळा निर्णय इथे फिरतो. टफन काचेच्या दोन्ही बाजूंना दाबाखाली असलेला थर असतो, जाडीच्या साधारण एक पंचमांश, म्हणजे 12 मिमीला सुमारे 2.4 मिमी. वरवरचं फ्रॉस्टिंग (काच नुसती धूसर पांढरी करणं) या थराला फारसं दुखवत नाही. पण खोल कोरीव काम त्यात घुसतं. मग काच हातात फुटेल, नाहीतर बसवल्यावर महिन्याने फुटेल, आणि दुसरा प्रकार जास्त महागात पडतो. कडेजवळ किंवा भोकाजवळ नोझल रेंगाळलं तरी तोच धोका. शिवाय चुकलेली टफन काच कापून लहान मापाला वापरता येत नाही, ती थेट भंगारात.

योग्य क्रम असा: कटिंग, कडांचं पॉलिश, भोकं-खाचा, मग ब्लास्टिंग, स्वच्छ धुणं, आणि सगळ्यात शेवटी टफनिंग. धुण्यात आळस नको. भट्टीत काच सव्वासहाशे अंशांच्या आसपास तापते. व्हिनाइलचा गम किंवा तेलकट बोट राहिलं तर ते कायमचं भाजलं जातं. टफनिंगवाल्याला आधी सांगा की एक बाजू फ्रॉस्टेड आहे, ती रोलरवर नको, वर हवी.

आता हवा. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. एक सुताचं (1/8 इंच) नोझल प्रेशर पॉटवर (ग्रिटचं दाबाखालचं पिंप) 50 पीएसआय दाबाला साधारण 11 सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा खातं. दीड सुताचं (3/16 इंच) 26 खातं. 2 एचपीच्या पिस्टन कंप्रेसरकडून प्रत्यक्षात सात-आठ सीएफएम मिळाले तर नशीब. स्टिकरवरचा मोठा आकडा पिस्टनच्या विस्थापनाचा असतो, मिळणाऱ्या हवेचा नव्हे. ट्रॉफीवर हे जाणवत नाही, कारण तिथे काम अर्ध्या मिनिटाचं. आठ फुटी काचेवर टाकी रिकामी होते, दाब 50 वरून 30 वर येतो, कंप्रेसर पकडतो, पुन्हा उतरतो. काचेवर त्याचे ढग उमटतात. समोरून काही दिसत नाही. मागून ट्यूबलाइट लागली की कोणता पट्टा कुठे संपला ते मोजता येतं. म्हणून स्टेन्सिल सोलायच्या आधी काच पुसून, कोरडी करून, मागून दिवा धरून तपासा. सोलल्यावर तीच स्टेन्सिल त्याच जागी पुन्हा बसत नाही. नोझलही मापत राहा: सिरॅमिकचं भोक लवकर झिजतं आणि एक सुताचं दीड झालं की हवेची भूक सव्वादोन पट. पावसाळ्यात तर ओलावा पकडणारा फिल्टर नसेल तर ग्रिटचे गोळे होऊन नोझल तुंबतं.

व्हिनाइलचा हिशेब करून बघा. 18 काचांचे 576 चौरस फूट. चित्र 30 टक्के जागेत असलं तरी झाकावी पूर्ण काच लागते. 610 मिमी रुंदीचा 50 मीटरचा रोल म्हणजे सुमारे 328 चौरस फूट, म्हणजे दोन जेमतेम पुरतात, वाया जाणारं धरून तीन घ्या. चार फूट म्हणजे 1219 मिमी. 610 चे दोन पट्टे कागदावर अगदी नेमके बसतात, पण प्लॉटरचे रोलर दोन्ही कडांना जागा खातात आणि जोडावर एकमेकांवर चढवायला चार-पाच मिमी तरी हवेत. कडेला कडा लावून जोड दिला तर फटीतून ग्रिट शिरून वरपासून खालपर्यंत केसाएवढी पांढरी रेघ येते, आणि ती पुसता येत नाही. तेव्हा जोड चित्राच्या मोकळ्या जागेतून न्या, उरलेली किनार साध्या पट्टीने झाका. साबणपाण्यावर चिकटवलंत तर ब्लास्टिंगआधी एक दिवस सुकू द्या, नाहीतर बारीक टोकं उठतात.

वारलीबद्दल एक गोष्ट आधी लेखी घ्या: आकृत्या पांढऱ्या, की पार्श्वभूमी पांढरी? आकृत्या फ्रॉस्ट करायच्या असतील तर काम सोपं. हातपायांच्या जागचं व्हिनाइल काढून टाकायचं, बाकीचं भक्कम राहतं. उलट असेल तर काचेवर दीड-दोन मिमीच्या व्हिनाइलच्या काड्या उरतात, त्या हवेने उडतात, आणि ब्लास्टिंगची जागा 30 वरून 70 टक्क्यांवर जाते. तीच डिझाइन, पण काम दुपटीहून जास्त. 2 मिमीपेक्षा बारीक काडी स्वीकारू नका. साध्या व्हिनाइलला 150-180 ग्रिटचं (हा आकडा कणांच्या बारीकपणाचा) ॲल्युमिनियम ऑक्साइड, 35-40 पीएसआय, सहा ते आठ इंच अंतर. खोल कोरायचं असेल तर जाड रबरी स्टेन्सिल.

वाळू वापरू नका. ती धूळ फुप्फुसात बसते, सिलिकोसिस बरा होत नाही. कापडी मास्क म्हणजे मनाचं समाधान. बाहेरून हवा पुरवणारा हूड लागतो. आणि कोणी म्हणालं "ॲसिडने करून टाका", तर तिथेच विषय संपवा. हायड्रोफ्लोरिक ॲसिडचा कातडीवरचा डाग सुरुवातीला अनेकदा दुखतही नाही, आणि आत जाऊन रक्तातलं कॅल्शियम खातं. काच धूसर करणाऱ्या एचिंग क्रीमने एवढ्या मोठ्या जागेवर एकसारखा पांढरेपणा येत नाही.

वजन: काचेचं साधं गणित, दर मिमी जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. एक काच सुमारे 89 किलो, सगळ्या मिळून 1600. चार माणसं, सक्शन कप आणि तिरकी घोडी लागेलच. छोटा हत्ती विसरा, त्याचा हौदा आठ फुटांना तोकडा पडतो.

माझं मत: या साधनांवर ब्लास्टिंग अंगावर घेऊ नका, पण काम सोडूही नका. आर्टवर्क, कटिंग, व्हिनाइल लावणं आणि सोलणं तुमचं. ब्लास्टिंग ज्याच्याकडे बूथ आणि मोठा कंप्रेसर आहे अशा काच प्रोसेसरकडे, त्याच्याच आवारात जाऊन करून घ्या. टफनिंगही तिथेच होत असेल तर वाहतूक एकदाच. काच टफन होऊनच येणार असेल तर फक्त वरवरचं फ्रॉस्टिंग कबूल करा आणि फुटीची जबाबदारी लेखी त्यांच्याकडे ठेवा. कोरीव काम हवंच म्हणाले तर नाही म्हणा.

रेट पूर्ण काचेच्या मापावर लावा, पांढऱ्या जागेवर नाही, कारण मास्किंग पूर्ण काचेचं आहे. टफनिंगमध्ये एखादी काच फुटतेच, म्हणून दोन जादा काचा कोणाच्या खर्चाने, ते आधी ठरवा. काचेवरचा आयएस 2553 चा (सुरक्षा काचेच्या भारतीय मानकाचा) शिक्का व्हिनाइलखाली किंवा ग्रिटखाली जाणार नाही अशी जागा टफनिंगवाल्याला आधीच दाखवून ठेवा. फ्रॉस्टेड बाजूवर तेलकट बोटं उठून दिसतात, म्हणून ती कमी हात लागणाऱ्या बाजूला, वर सीलर (डाग रोखणारा लेप). पँट्रीजवळची काच असेल तर आणखी एक: फ्रॉस्ट ओला झाला की पारदर्शक दिसतो.

सुरुवात दोन बाय दोन फुटाच्या नमुन्यापासून करा, त्याच 12 मिमी काचेवर, त्याच ग्रिटने. वेळ घड्याळ लावून मोजा, सोलण्याचा वेगळा, ब्लास्टिंगचा वेगळा. नमुना ट्यूबलाइटसमोर दाखवून मागच्या बाजूला मार्करने दोघांच्या सह्या आणि तारीख घ्या, आणि त्यानंतरच ॲडव्हान्सचं बोला.